स्प्लेंडरच्या ऑइलची वही: फिरता फिल्टर उघडला

वडिलांची १९९८ ची स्प्लेंडर. मीटर एकदा पूर्ण फिरून पुन्हा शून्यावरून निघालाय, आता २४,१६० दाखवतो. वहीत मागचे तीन ऑइल चेंज लिहिलेत आणि तिन्ही वेळा तीच तक्रार: नवं ऑइल अडीचशे किलोमीटरमध्ये डांबरासारखं काळं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असं धरून मी इंजिनाचं बोअर (सिलिंडर घासून मोठा करणं) करायला निघालो होतो. पण ऑइल जळत असल्याची खूण नाही: सायलेन्सरमधून धूर नाही, ऑइलची पातळीही उतरत नाही. मग मळ कुठला?

या इंजिनाला कागदी ऑइल फिल्टर नसतो. एक जाळी असते, आणि क्लच कव्हरच्या आत क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) टोकाला फिरता फिल्टर. क्रँकबरोबर तो गरगरतो, ऑइलमधले जड कण कडेला फेकले जाऊन तिथेच थापले जातात. खालचा बोल्ट उघडून ऑइल सोडलं तरी हा थर जागचा हलत नाही. आमच्या गाडीचं कव्हर शेवटचं कधी उतरलं, हे वडिलांनाही आठवेना.

रविवारी गंगापूर धरणापर्यंत जाऊन इंजिन गरम केलं. १७ चा पाना लावून ऑइल ट्रेमध्ये सोडलं, मग किक, फूटरेस्ट, क्लच केबल, कव्हर. फिल्टरच्या झाकणाचे तीन स्क्रू गच्च बसलेले. इथे इम्पॅक्ट ड्रायव्हरच (हातोडी मारली की फिरणारा) वापरा, साध्या स्क्रू ड्रायव्हरने डोकी गेली की दिवस गेला. आत काळ्या मेणासारखा थर होता, नखाने खरवडून काढण्याइतका जाड. चुंबकाला थोडासा बारीक कीस चिकटला, चकाकणारे तुकडे, म्हणजे आतलं काही तुटल्याची खूण, एकही नाहीत. जीव भांड्यात पडला. सगळं रॉकेलने धुतलं, जाळीसुद्धा. जाळीची कुठली कड आत होती त्याचा काढण्याआधी फोटो घ्या. दोन्ही गॅस्केट नवी टाकली.

ऑइल २०डब्ल्यू४० (हा जाडीचा ग्रेड), बाटलीवर जासो एमए, म्हणजे ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचच्या मोटारसायकलींसाठीचा दर्जा, लिहिलेलं पाहूनच घेतलं. क्लच आणि गिअर याच ऑइलमध्ये चालतात, त्यामुळे घरात उरलेलं कारचं ऑइल इथे नको, क्लच घसरू शकतो. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून भंगारवाल्याकडे दिलं. गटारात ओतलं तर ते इथल्या नासर्डी नदीतून गोदावरीतच जाणार.

मीटर २४,४१०: डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या कांडीवर) ऑइल अजून मधासारखं. इतक्या अंतरावर असा रंग मी या गाडीत पहिल्यांदाच पाहिला. (डिपस्टिक न आवळता नुसती टेकवून बघायची, गाडी मेन स्टँडवर.)

हिवाळ्यातली एक नोंदही इथेच लिहितो. रोज कॉलेज रोडपर्यंतच गाडी जायची, तेव्हा ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय धरली होती. इंजिन पुरतं तापतच नव्हतं, त्यामुळे आतली वाफ तिथेच जमायची. त्र्यंबकला जाऊन आलो आणि साय गेली. तेव्हापासून आठवड्यातून एक लांब चक्कर ठरलेली आहे.

एक लिटरपेक्षाही कमी ऑइल एवढी कामं करतं, म्हणून मी दर २,००० ला बदलतो. फिल्टर आता दर पाचव्या चेंजला उघडणार. वरची टकटक मात्र तशीच आहे, टॅपेट (व्हॉल्व्हजवळची फट) बघायचे राहिलेत. येत्या रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना.