निवेदक अंकलीच्या पुलावर

मी ढोलकीवाला. स्टेजवर बोलणं माझं काम नव्हे. पण त्या संध्याकाळी शाहू स्मारक भवनात गीतकार जगदीश खेबुडकरांच्या गाण्यांचा कार्यक्रम, हॉल भरलेला, आणि निवेदकाचा फोन आला की अंकलीच्या पुलावर गाड्या तुंबल्यात. संयोजकांनी माइक माझ्याच हातात कोंबला. "तू बोल की रं, तुला सगळी गाणी पाठ हायत."

फाईल निवेदकाच्या पिशवीत. डोक्यात होतं तेवढं सांगून टाकलं: जन्म १० मे १९३२, गाव आपलं हळदी, पेशा शिक्षकाचा, सिनेमातली सुरुवात १९६२ च्या 'रंगल्या रात्री अशा'पासून, संगीत वसंत पवारांचं. गेले तेही मे महिन्यातच, २०११ साली, इथंच कोल्हापुरात. संपलं! गायकाचा घसा अजून शेकायचाच होता.

मग वाजवता वाजवता जे मनात साठलं होतं, ते बोललो. 'ऐरणीच्या देवा' घ्या. भालजी पेंढारकरांचा सिनेमा 'साधी माणसं', १९६५. चाल लताबाईंची, 'आनंदघन' या नावानं. पडद्यावर लोहाराचं जोडपं. म्हणून देवाला फुलं वाहत नाहीत, ठिणग्या वाहतात. पात्राचा धंदा कुठला, हे खेबुडकर आधी बघत असणार.

"आता 'देहाची तिजोरी'. कुठल्या सिनेमातलं?" मागून एक आज्जी म्हणाल्या, "कुठल्यातरी संताच्या."

"नाही आज्जी, चोरांच्या."

हॉल हसला. 'आम्ही जातो अमुच्या गावा', १९७२. चाल आणि आवाज सुधीर फडक्यांचा. आपण हे गाणं देवळाच्या कर्ण्यावर ऐकत वाढलो, त्यामुळं त्यातली तिजोरी कुणाला खटकतच नाही. आणि मागणं काय, तर देवा, दार उघड. दार आणि तिजोरी, चोराला आणखी काय पाहिजे? गायकानं उचललं तेव्हा 'तिजोरी'वर पुन्हा खसखस पिकली, पण 'उघड दार देवा'ला त्याच हसणाऱ्यांनी गळा काढून साथ दिली. संयोजक विंगेतून डोळे वटारत होते, भजनाची थट्टा करतोय म्हणून. मला नाही तसं वाटत. गंमत कळल्यानं भक्ती पातळ होत नाही.

आणि त्याच १९७२ ला याच माणसानं 'पिंजरा'ची गाणी लिहिली! दिग्दर्शन व्ही. शांताराम, संगीत राम कदम. तमासगिरीणीपायी मास्तर वाया जातो ती गोष्ट, आणि गाणी लिहिणारा स्वतः मास्तर. मी त्यातल्या लावण्या वर्षानुवर्षं वाजवतोय. ओळ अशा ठिकाणी संपते की ढोलकीचा तोडा आपोआप बसतो, ओढूनताणून जागा करावी लागत नाही. हे तोंडानं समजेना, म्हणून माइक मांडीत धरून वाजवूनच दाखवलं. टाळ्या पडल्या. निवेदनाला मिळालेल्या तेवढ्याच.

मध्यंतराला निवेदक धापा टाकत आला, फाईल उघडली आणि जन्मतारखेपासून पुन्हा सुरू झाला. मानधनाचं पाकीट मला मिळालं ते ढोलकीवाल्याचंच.