रुमालाखालचा भाव

जनावरांच्या बाजारात सगळं उघड्यावर चालतं, लपवायचा तो फक्त भाव. दलाल विकणाऱ्याचा हात हातात घेतो, वर उपरणं टाकतो आणि बोटं दाबू लागतो. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. ते शेकडे की हजार, हे जनावर बघून दोघांनाही ठाऊक असतं. तोंडानं गप्पा पावसापाण्याच्या. हे गूढबिढ काही नाही. सौदा फिसकटला तर पुढच्या गिऱ्हाइकाला आधीचा आकडा कळू नये, एवढाच हिशेब.

हा बाजार देवाच्या आधारानं वाढला. आटपाडीजवळच्या खरसुंडीची चैत्री यात्रा सिद्धनाथाची, पण माणदेशी माणसाला ती आठवते खिल्लार बैलांसाठी. सारंगखेड्यात दत्तजयंतीला घोडे, जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवं; नांदेडकडच्या माळेगावात खंडोबापुढं तर सगळंच. तिथी देवाची असली तरी सोय शेतकऱ्याची. चैत्रात रब्बीची रास घरी आलेली असते, हातात पैसा असतो आणि मृगाआधी मशागतीला बैल लागतो. ज्याच्याकडं उन्हाळा काढण्यापुरता कडबा नाही, तो त्याच वेळी दावं सोडतो. गरज आणि अडचण एकाच माळावर भेटतात.

‘खिल्लार’ म्हणजे मुळात कळप. ही जनावरं राखली ती ठिल्लारी धनगरांनी. आटपाडी महाल हा खिल्लारातला एक प्रकार; महाल म्हणजे तालुक्यासारखा मुलूख. आटपाडी औंध संस्थानात होती, संस्थान गेलं तरी बैलाच्या नावात महाल राहिला.

पारख दातांपासून सुरू होते. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, खाली आठ. सगळे दुधाचे असतील तर आदत. मधली जोडी पडून मोठे दोन आले की दुसा, वय साधारण दोन ते अडीच वर्षं. मग चौसा, सहादाती, आणि आठही आले की जुळला. त्यापुढं वय सांगते ती फक्त झीज, म्हणून फसवणूक तिथंच होते. शिंगं साळून, तेल लावून म्हातारा तरणा दिसतो. मीठ चारून पाणी पाजलं की खपाटीचं पोट भरतं. यावर उपाय एकच, बैल कडक जमिनीवर चालवून बघायचा. पुढचा पाय दुखरा असेल तर तो टेकताना डोकं वर उचलतं, चांगला टेकताना खाली जातं. उभ्या बैलाचं कौतुक करणारा गिऱ्हाईक दलालाला फार आवडतो!

पूर्वी खरी किंमत जोडीची होती. उंची, रंग, शिंगांची ठेवण जुळवायला दोन-दोन बाजार पालथे घालायचे. ट्रॅक्टरनं ती मागणी मारली. २०१४ साली बैलांच्या शर्यती बंद झाल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि आदत खोंडाभोवती घोळका दिसू लागला. लगेच २०२२ मध्ये जनावरांच्या लम्पी रोगानं बाजारच बंद पाडले. आता कानात बिल्ला नसेल तर पावती अडते. हे बरंच झालं, रोग गर्दीतूनच पसरतो.

भाव पटला की विसार, मग पावती. दावं मात्र बऱ्याच ठिकाणी विकणारा देत नाही. गिऱ्हाइकानं आपलं बांधायचं, मग जुनं सुटतं, आणि ते गुंडाळून काखेत मारून मालक मोकळ्या हातानं यष्टीकडं निघतो.