माझ्या धक्क्याला गुन्हा, बाबांच्या माराला एनसी

20 नोव्हेंबर 2024, विधानसभेचं मतदान. ठाण्यातल्या एका केंद्रावर मी मतदान अधिकारी क्रमांक 2 होते. बोटाला शाई लावायची आणि 17-अ या मतदार नोंदवहीत सही घ्यायची, हे माझं काम. पहाटे साडेपाचच्या मॉक पोलपासून, म्हणजे यंत्रं तपासायच्या सराव मतदानापासून, आम्ही उभे होतो. संध्याकाळी सहा वाजता नियमाप्रमाणे रांगेतल्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटल्या. त्यानंतर आलेला एक जण चिठ्ठी नसताना आत घुसला आणि नोंदवही ओढू लागला. मी सोडली नाही, तेव्हा त्याने मला ढकललं. बाकाची कड कमरेत बसली.

केंद्राध्यक्षांनी लगेच बंदोबस्तातल्या पोलिसांना हाक मारली. यंत्रं जमा करून मी पोलीस ठाण्यात गेले, तर सगळे माझीच वाट बघत होते. भारतीय न्याय संहितेचं कलम 132, सरकारी कामात अडथळा. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट गुन्हा नोंदवून तपास करता येतो, आणि अजामीनपात्र. पहाटेपर्यंत एफआयआरची प्रत माझ्या हातात होती. निवडणुकीच्या कामावर असताना आपण कोण आहोत, हे त्या रात्री कळलं. आमच्याबरोबरच्या अंगणवाडी सेविकेलाही मी मुद्दाम सांगितलं, की तुझ्यावर हात उचलला तर हेच कलम लागतं.

चार महिन्यांनी बाबांना मारलं. बाबा 76 वर्षांचे. सोसायटीच्या जिन्यासमोर लावलेली मोटारसायकल काढायला सांगितली, म्हणून एका तरुणाने कानाखाली मारली आणि ढकलून दिलं. पडताना त्यांनी हात टेकला.

यावेळी आम्ही पोलीस ठाण्यातल्या बाकावर दोन तास बसलो. शेवटी लिहिलं गेलं कलम 115(2), साधी दुखापत, अदखलपात्र, म्हणजेच एनसी. जास्तीत जास्त एक वर्ष कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासही करता येत नाही. "एनसी झाली आहे, तुम्ही कोर्टात जा," असं सांगून आम्हाला वाटेला लावलं. एनसीच्या कागदावर वयाच्या रकान्यात 76 लिहिलेलं होतं. कलम ठरवताना त्या आकड्याचा काहीच उपयोग झाला नाही.

रात्री मनगट सुजलं. मी परत जाऊन वैद्यकीय तपासणीसाठी पोलिसांचं पत्र मागून घेतलं. एक्स-रेत मनगटाचं हाड मोडलेलं निघालं. हाड मोडलं की ती कायद्याने गंभीर दुखापत, कलम 117(2), सात वर्षांपर्यंत शिक्षा. डॉक्टरांचा दाखला घेऊन गेले तेव्हा कुठे गुन्हा नोंदवला. बाबांना पुन्हा जबाबासाठी बोलावलं, तेव्हा मी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 179 दाखवलं: साठीपुढच्या पुरुषाला साक्षीदार म्हणून घराबाहेर बोलावता येत नाही. मग हवालदार घरी आले. चांगले होते, बाबांच्या वेगाने लिहीत बसले. घरात कोणी ज्येष्ठ असेल तर हे कलम लक्षात ठेवा, आणि मार लागला की त्याच दिवशी तपासणी करून घ्या. सूज उतरली की पुरावाही जातो.

माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही. हाड मोडलं नसतं तर बाबांची तक्रार एनसीच राहिली असती. त्या वयात माणूस एका कानाखालीनंतर जिना उतरायला घाबरतो. बाबा तीन आठवडे खाली गेले नाहीत.

म्हाताऱ्या माणसाला मारणाऱ्याला आणि मतदानाच्या कामावरच्या माणसाला मारणाऱ्याला जास्त शिक्षा हवी, असं माझं ठाम मत आहे. म्हातारा पळू शकत नाही, मतदानाच्या कामावरच्याला जागा सोडता येत नाही. पण नुसती वर्षं वाढवून भागत नाही. याच गुन्ह्याच्या जुन्या दंड संहितेतल्या 353 कलमात महाराष्ट्राने शिक्षा दोनाची पाच वर्षं केली होती, नव्या 132 मध्ये ती पुन्हा दोनच आहे. तरी त्या रात्री मला आधार वाटला, तो पोलीस लगेच कामाला लागले म्हणून. साठीपुढच्या माणसावर हात उचलणं, दुखापत कितीही किरकोळ असो, दखलपात्र करा, एवढी एक दुरुस्ती मला आधी हवी आहे. शिक्षेची वर्षं नंतर वाढवा. कार्यालयाच्या खिडकीवर चिडून बोललेल्या सामान्य माणसावरही 132 लावता येईल ही भीती मला समजते, पण बोलणं आणि हात उचलणं यातला फरक कलमातच आहे.

दोन्ही खटल्यांच्या तारखा कोर्ट नाक्यालाच पडतात. परवा बाबांच्या खटल्याची होती, पुढे ढकलली. त्यांनी धोतर नेसून, काठी घेऊन तयार होऊन ठेवलं होतं. उजवं मनगट अजून पूर्ण वळत नाही, त्यामुळे हल्ली रोज संध्याकाळी ते वहीत सही गिरवतात.