हडसनवरून मॅनहॅटन: उजवी खिडकी आणि संध्याकाळचं ऊन

मंडळी, न्यूयॉर्कच्या हडसन नदीवरून, छोट्या विमानातून काढलेल्या फोटोंची पुढची नोंद. लेन्सवर आपण भरपूर भांडून झालोय. पण या उन्हाळ्यानंतर माझं मत पक्कं झालंय: आधी खिडकी कुठली आणि ऊन कुठून ते ठरवा, लेन्सचं मागाहून बघू.

नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. हडसन नदीवर १३०० फुटांखाली छोट्या विमानांसाठी एक पट्टी मोकळी ठेवलेली आहे. सरळ पार होणाऱ्यांनी १००० ते १३०० फुटांवर राहायचं, घिरट्या घालणाऱ्यांनी त्याखाली. वेग १४० नॉटच्या (ताशी सागरी मैल) आत, दिवे चालू, आणि रेडिओच्या १२३.०५ मेगाहर्ट्झवर, ठरलेल्या खुणा आल्या की आपला ठावठिकाणा सांगत जायचं: व्हेराझानो पूल, स्टॅच्यू ऑफ लिबर्टी, क्लॉक (न्यू जर्सीच्या काठचं मोठं घड्याळ), इंट्रेपिड (संग्रहालय झालेली युद्धनौका). ८ ऑगस्ट २००९ ला इथेच एक छोटं विमान आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर धडकून ९ जण गेले, त्यानंतर हे नियम सक्तीचे झाले. म्हणून नदीवर असताना मी पायलट मित्राशी फ्रेमबद्दल चकार शब्द काढत नाही. जे बोलायचं ते जमिनीवर, नकाशा पसरून.

आता खिडकी. रहदारी उजव्या काठाने चालते. दक्षिणेकडे जाताना तुम्ही न्यू जर्सीच्या बाजूला असता आणि शहर डावीकडे, म्हणजे पायलटच्या खिडकीत. उत्तरेकडे येताना मात्र मॅनहॅटन अगदी उजव्या खांद्याशी. शिवाय दुपारनंतर सूर्य तुमच्या पाठीशी आणि इमारतींच्या तोंडावर. सकाळी हेच सगळं काळं पडतं. त्यामुळे जाताना मी कॅमेरा मांडीवर ठेवून निवांत बसतो, काम येताना. आणि १००० फुटांवर आहोत म्हणून सगळं खाली दिसेल असं समजू नका. वन वर्ल्ड ट्रेडचं टोक १७७६ फुटांवर आहे, तिथे मान वर करूनच फोटो काढावा लागतो.

खरी गंमत चौदाव्या रस्त्याच्या पुढे. तिथून आडवे रस्ते नदीशी काटकोनात येतात. विमान पुढे सरकतं तशी एकेक गल्ली उघडते, थेट पलीकडच्या ईस्ट रिव्हरच्या चकाकत्या रेघेपर्यंत, आणि लगेच मिटते. मैलाला साधारण २० रस्ते, आपला वेग ८५ नॉट. म्हणजे दोन सेकंदांच्या आत पुढची गल्ली. त्यातही ती पूर्ण सरळ दिसते तो क्षण निसटताच. बघून बटण दाबलं तर उशीर झालेला असतो, गल्ली उघडायच्या आधीच बर्स्ट (एकामागून एक भराभर फोटो) सुरू हवा. हे रस्ते नेमके पूर्व-पश्चिम नाहीत, सुमारे २९ अंश कललेले आहेत. म्हणून मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंतच मावळतीचं ऊन सरळ गल्लीत घुसतं. जूनमध्ये सूर्यास्ताच्या तासभर आधी फ्रेमच्या डाव्या हाताच्या भिंती पेटल्यासारख्या दिसतात. हिवाळ्यात ते मिळायचं नाही.

बाकी सेटिंगचं म्हणाल तर शटर १/१६०० सेकंदापेक्षा हळू ठेवत नाही. कोपर दाराला टेकवायचं नाही, इंजिनची थरथर थेट फोटोत उतरते. आमच्या छोट्या सेस्ना १७२ विमानाची खिडकी उघडता येते, तेव्हा तिच्या प्लेक्सिग्लासमधून (पारदर्शक प्लास्टिक) काढायचा प्रश्नच नाही. पण लेन्सचं तोंड चौकटीच्या आतच ठेवा, बाहेर वारा कॅमेरा हिसकतो. लेन्स हूड (लेन्सच्या तोंडाशी ऊन अडवणारी कड) काढून ठेवा. २४ एमएमला पंखाचा तिरका दांडा किंवा चाक डोकावतंच, माझं बहुतेक काम ५० ते ७० एमएममध्ये होतं. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) मी पिशवीतच ठेवतो, वाइड लेन्सला आकाश एकीकडे गडद, एकीकडे फिकं येतं.

घरी एक छंद जडलाय: न्यूयॉर्क शहराच्या ऑनलाइन नकाशात १९२४ ची हवाई छायाचित्रं आहेत, ती शेजारी उघडून बसतो. तेव्हा हडसनचा काठ धक्क्यांनी गच्च भरलेला. आज त्यातले कितीतरी गेलेत, आणि जुन्या ५५ नंबरच्या धक्क्यापाशी २०२१ पासून लिटल आयलंड हे पाण्यावरचं उद्यान उभं आहे. त्याचा वरून नीट फोटो अजून मनासारखा नाही. झाडी आणि खालचे काँक्रीटचे पेले एका फ्रेममध्ये बसवायला कोन जरा तिरपा लागतो, आणि तिथे आपण सेकंदभरच असतो.

पुढचा बेत नोव्हेंबरचा. थंड हवेचा पट्टा येऊन गेला की दुसऱ्या दिवशी धुरकं नसतं. सूर्य नैर्ऋत्येला खाली असेल, म्हणून गल्ल्या सोडून मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडचे, ‘बॅटरी’ भागातले मनोरे घ्यायचे. कुणी इथे ८५ एमएम वापरून पाहिली असेल तर कळवा, ७० कमी पडेल असं वाटतंय.