आईचं मत

"चॅनेल त्यांचं, मालिका त्यांच्या आणि पुरस्कारही त्यांचे त्यांनाच. आत्या, ह्याला काय पुरस्कार म्हणायचं?"

मोन्या, दादाचा मुलगा, बोलला ते खोटं नाही. खोटं असतं तर मी तिथंच वाद घातला असता आणि विषय मिटला असता. दादाकडे सांगलीत विश्रामबागला रविवारची जेवणं चालली होती. सगळे हसले, वहिनीने मठ्ठा वाढला, बोलणं पुण्याच्या फ्लॅटवर गेलं. माझं मात्र तिथंच अडकलंय. दोन रात्री झाल्या, अंथरुणावर पडलं की तेच वाक्य. इतकं काय लागलं मला त्यात?

आधी वाटलं, आईसमोर बोलला म्हणून. त्या वेळी चॅनेलच्या मालिका-पुरस्कारांसाठी आईचं फोनवर मतदान चाललं होतं. बोट माझं, मत तिचं. तिला आता फोनवरची अक्षरं दिसत नाहीत, म्हणून मी एकेक नाव वाचते आणि ती डोळे मिटून ऐकते. मग मध्येच म्हणते, "थांब, परत वाच." निवडणुकीत ती जन्मभर नाना सांगतील तिथे शिक्का मारत आली. इथे मात्र कुणाचं ऐकत नाही. सर्वोत्कृष्ट आईला मत देताना तर तिने मला अर्धा दिवस थांबवून ठेवलं होतं. अशा वेळी तो बोलला.

पण तेवढंच नाही. कारण त्याआधी त्याच ताटांवर सगळे किती हळवे झाले होते! त्रिशा ठोसरचा विषय निघाला होता. २३ सप्टेंबर २०२५ ला दिल्लीच्या विज्ञान भवनात ती एवढीशी पोर साडी नेसून राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार घ्यायला गेली, ते वहिनीने परत लावून दाखवलं. मीही पाहिलं, माझेही डोळे भरून आले. ७१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत बालकलाकार म्हणून पाच मुलं निवडली आणि त्यातली चार मराठी चित्रपटांतली. 'नाळ २' मधली त्रिशा, श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप आणि 'जिप्सी' मधला कबीर खंदारे. उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला 'श्यामची आई'. राष्ट्रीय पुरस्कार पहिल्यांदा दिले १९५४ साली, तेव्हाही सुवर्णपदक अत्र्यांच्या 'श्यामची आई'लाच होतं. दादाने हे सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्यानंतर ते सर्वोच्च पदक मराठीकडे यायला २००४ साल उजाडावं लागलं, 'श्वास'पर्यंत. ऑस्करच्या प्रचाराला पैसे हवेत म्हणून तेव्हा लोकांनी वर्गण्या काढल्या होत्या. आमच्या गल्लीतही काढली होती. नानांनी दिले होते पैसे. नाना असते तर रविवारी... असो.

म्हणजे पुरस्कारांचं कौतुक त्या घरात नाही असं नाही. चित्रपटाचं असेल तर आहे. त्रिशाला टाळ्या वाजवणाऱ्या माणसांना 'माझी तुझी रेशीमगाठ' मालिकेत परी झालेली मायरा वायकुळ आठवत सुद्धा नाही. तीही तेवढीच होती, चार-पाच वर्षांची, आणि रोज रात्री पडद्यावर असायची. एवढ्या लहान मुलीने रोजचं काम करावं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो मला तेव्हाही टोचायचा. पण काम तिने केलं. परी रडली की आमच्या घरात आई रडायची.

मला दोघींत डावं-उजवं करायचं नाही. मला कळत नाही ते एवढंच, की एकीला पाहताना ज्यांच्या डोळ्यांत पाणी येतं त्यांना दुसरीचं नाव काढलं की हसू का येतं.

रोहिणी हट्टंगडींचंच घ्या. 'गांधी' मधल्या कस्तुरबांसाठी त्यांना बाफ्टा मिळाला. 'पार्टी'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच रोहिणीताईंनी 'चार दिवस सासूचे' मध्ये हजारो भाग सासू उभी केली आणि नंतर 'होणार सून मी ह्या घरची' मध्ये आईआजी. बाई तीच, आवाज तोच. चित्रपटात केलं ते अभिनय, मालिकेत केलं ते काय मग? आईने 'पार्टी' पाहिलेला नाही. आईआजीचं बोलणं मात्र तिला आजही पाठ आहे.

चित्रपट परीक्षक बसून बघतात. बाईने दोन तासांत काय केलं ते त्यांना दिसतं. मालिकेत काम करणाऱ्या बाईचं कोण बघणार आणि कुठून बघणार? 'आई कुठे काय करते' मधली मधुराणी प्रभुलकरची अरुंधती डिसेंबर २०१९ ला सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ ला संपली. मधे टाळेबंदी येऊन गेली, नवरा सुटला, दुसरा संसार झाला, तोही उद्ध्वस्त झाला. शेवटी शेवटी मालिका दुपारच्या वेळेत टाकली. मूळ कथा बंगाली 'श्रीमोयी'ची, हिंदीत तिचीच 'अनुपमा' झाली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मधुराणी गप्प बसून जे करायची ते हिंदीत मला दिसलं नाही. समोरचा बोलत असताना ती ओट्यावर हात टेकून नुसती उभी राहायची आणि बाईला काय झालंय ते कळायचं. असे पाच वर्षांत किती प्रसंग गेले असतील. त्यातला कुठला घेऊन कुठल्या परीक्षकापुढे ठेवायचा? राष्ट्रीय पुरस्कार तर चित्रपटांचेच आहेत. तिथे तिला जागाच नाही.

मग तिला शाबास म्हणायचं कुणी? चॅनेल म्हणतं आणि आम्ही म्हणतो. एवढेच आहोत.

आणि हे काम साधं नाही. गुरुवारी टीआरपी येतो आणि कथेचा ट्रॅक फिरतो. भाग पुढचे तयार नसले की रात्रंदिवस चित्रीकरण. आमच्या शेजारच्या जिल्ह्यात साताऱ्याला, वाईकडे, कितीतरी मालिका होतात. 'लागिरं झालं जी' चालू होती तेव्हा मावशीकडे गेलं की आधी तोच विषय, अज्या-शितली दिसली का. आपली बोली रोज रात्री टीव्हीवर ऐकायला मिळते याचंच केवढं अप्रूप होतं तेव्हा. पण त्याच साताऱ्यात सप्टेंबर २०२० मध्ये अभिनेत्री आशालता वाबगावकर गेल्या. टाळेबंदीनंतर चित्रीकरणं सुरू झाली होती, त्या 'आई माझी काळुबाई'साठी आल्या होत्या, तिथेच कोरोना झाला. 'मत्स्यगंधा' मधली सत्यवती ज्यांनी गाऊन अजरामर केली त्या बाई, एकोणऐंशीव्या वर्षी, मालिकेच्या कामावर असताना गेल्या. आईने त्या दिवशी टीव्ही लावू दिला नाही.

हे सगळं मी रविवारी बोलायला हवं होतं असं नाही. बोलले असते तरी कुणाच्या ताटातला घास थांबला नसता. माझ्या बोलण्याला त्या घरात तेवढी जागा कधी नव्हती. मोन्या इंजिनीअर, दादा बँकेतून मॅनेजर होऊन निवृत्त, आणि मी आईला सांभाळणारी, मालिका बघणारी. माझ्या आवडीला वजनच नाही. 'तुझं काय गं, तुला सगळंच आवडतं' असं वहिनी म्हणते तेव्हा ती प्रेमानेच म्हणते. पण मला सगळं आवडत नाही. मला स्पष्ट मतं आहेत.

खलनायिका बहुतेक वेळा नायिकेपेक्षा चांगलं काम करते, कारण नायिकेला लेखक सोसण्यापलीकडे काही देतच नाहीत. 'माझ्या नवऱ्याची बायको' मध्ये शनाया बदलली, रसिका सुनीलच्या जागी ईशा केसकर आली, मग पुन्हा रसिका. एका भूमिकेत दोघी, पुरस्कार नेमका कुणाला हा प्रश्न कुणी विचारला नाही, मी विचारला होता. किरण गायकवाड 'लागिरं' मध्ये भय्यासाहेब झाला तेव्हाच मी म्हटलं होतं की हा पुढे जाणार, आणि 'देवमाणूस' आल्यावर ते सगळ्यांना दिसलं. सर्वोत्कृष्ट कुटुंब हा विभाग मला पटत नाही. ज्या घरात रोज कारस्थानं चालतात त्यालाच मत द्यायचं, आई तिथे नेहमी अडते. महाएपिसोड दोन तासांचा केला की कथा तासाभराचीच असते. आणि जी मालिका पुरस्कारांच्या आधी बंद झाली तिचं त्या रात्री कुणी नाव घेत नाही, हे तर मला सगळ्यात जास्त लागतं.

हे लिहिताना जरा बरं वाटलं. एवढी मतं असलेलं माणूस 'सगळंच आवडणारं' नसतं.

आता खरी गोष्ट लिहिते, जी दोन दिवस टाळत होते. परत येताना रिक्षात, मार्केट यार्डाच्या पुढे, आई म्हणाली, "मग आपलं मत ते मोजत नसतील का गं?"

मी म्हटलं, "मोजतात."

ती पुढे काही बोलली नाही. लागलं ते हे आहे. मोन्याचं वाक्य माझ्यासाठी वाद होता, आईने ते सरळ खरं धरलं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिच्या हातात स्वतःहून ठरवायची अशी एवढी एकच गोष्ट उरली आहे. जेवायचं काय ते डॉक्टर ठरवतात, कुठे जायचं ते मी ठरवते, घराचं काय करायचं ते दादा... तेही असो. पण सर्वोत्कृष्ट सून कोण, हे ती ठरवते. आणि तिला वाटलं की तेही गेलं.

आज सकाळी मात्र भावे नाट्यमंदिरावरून जाताना एक सुचलं. पुढच्या महिन्यात ५ नोव्हेंबर आहे. रंगभूमी दिन आपण ज्याच्यामुळे पाळतो ते १८४३ चं 'सीतास्वयंवर' कुणाचं होतं? सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं, आश्रय त्यांचाच, प्रयोग त्यांच्याच दरबारात, कौतुक करणारेही तेच. म्हणजे मोन्याच्या हिशेबाने तेही घरचंच. म्हणून ते नाटक खोटं ठरलं का? राजेसाहेब १८५१ ला गेले, आश्रय गेला, तेव्हा भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ ला मुंबईत तिकीट लावून खेळ केले. लोकांनी पैसे देऊन पाहिले. लोकांची साक्ष नंतर आली, पण घरच्या कौतुकाने सुरुवात झाली म्हणून सांगलीला कुणी नावं ठेवत नाही. उलट त्याच भाव्यांच्या नावाचं गौरवपदक घ्यायला मोठमोठे नट इथे येतात. २०२३ ला प्रशांत दामले आले होते, १२,५०० प्रयोगांचा टप्पा ओलांडलेला माणूस.

चॅनेल आपल्याच माणसांना पुरस्कार देतं हे मोन्याचं म्हणणं मी आता मान्य करते, अगदी मोकळ्या मनाने. त्यांना जाहिराती मिळतात, आठवडाभर चर्चा होते, हे मलाही दिसतं. पण त्या सोहळ्यात वर्षातून एकदा त्या सगळ्या बाया सेटवरचे कपडे सोडून स्वतःच्या नावाने उभ्या राहतात. एरवी आईला त्यांची खरी नावं कळायला दुसरी वाट नाही. जुई गडकरी हे नाव तिने असंच लक्षात ठेवलं.

आज दुपारी आईला हे दरबाराचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पहिल्या नाटकात सीता कोण झालं होतं?" मला सांगता आलं नाही. पुरुषच असणार तेव्हा. नाव कुठेतरी असेलच लिहिलेलं, मोन्यालाच शोधायला सांगणार आहे.

माझ्या हातात असतं तर एक पुरस्कार मी नवा काढला असता. मालिका बंद झाली की तिच्या शेवटच्या दिवशी सेटवर जे जे होते त्या सगळ्यांना. नायिकेला, खलनायिकेला, घरातल्या मावशीचं काम करणारीला, कॅमेऱ्यामागच्यांना, संवाद लिहिणाऱ्याला, ज्याचं नाव पडद्यावर कधी आलं आणि कधी गेलं कळत नाही त्याला. ठेवायचा तर सांगलीतच ठेवायचा, भावे नाट्यमंदिरात. ५ नोव्हेंबरला नको, तो दिवस नाटकाचा आहे. ६ तारखेला ठेवावा. नावं आईसारख्या बायकांनी सुचवावीत, ज्यांनी त्या मालिकेचा एकही भाग चुकवलेला नाही, आणि मोन्याने पुण्याहून यावं, नावं वाचून दाखवायला.