प्लेअर अडकला तर हात वर करायचा

जपानमध्ये विद्यापीठ प्रवेशासाठी जानेवारीत देशभर एकाच वेळी 'क्योत्सू टेस्ट' होते. इथली सीईटीच म्हणा ना. त्यातला इंग्रजी लिसनिंगचा पेपर फार मजेशीर आहे. वर्गात स्पीकर लावत नाहीत. प्रत्येक मुलाला एक छोटासा प्लेअर, मेमरी कार्ड आणि इयरफोन देतात, म्हणजे पुढच्या बाकाला नीट ऐकू आलं आणि मागच्याला नाही, ही तक्रारच नको. पेपर शंभर मार्कांचा आणि अर्ध्या तासाचा, पण वेळापत्रकात त्याला पूर्ण तास दिलेला असतो. उरलेला वेळ प्लेअर वाटायला, चालतोय का बघायला आणि आवाज लावून घ्यायला. बटण नुसतं दाबून भागत नाही, दिवा लागेपर्यंत दाबून धरावं लागतं. एकदा प्रश्न सुरू झाले की मागे जाता येत नाही, आणि काही प्रश्न तर एकदाच ऐकवतात.

ही पद्धत २००६ साली सुरू झाली. पहिल्याच वर्षी जवळपास पाच लाख मुलांमधल्या चारशेहून अधिक जणांना यंत्रातल्या अडचणींमुळे उरलेला पेपर नंतर द्यावा लागला. त्या गोंधळावर इथे बरीच ओरड झाली, पण सोय राहिली ती राहिलीच: यंत्र अडलं की मुलाने गप्प हात वर करायचा, आणि त्याच दिवशी, सगळ्यांचा पेपर संपल्यावर, जिथे थांबलं तिथून पुढे पुन्हा ऐकायचं.

कागदावर हे सरळ वाटतं. आमच्या लेकीच्या पेपरात मधेच आवाज तुटायला लागला, तेव्हा खरी गोम कळली. आजूबाजूला सगळे खाली माना घालून गोल काळे करतायत, आणि हिच्या कानात अर्धं वाक्य येतंय, अर्धं गायब. हात वर करावा, की अंदाजाने लिहून पुढे जावं? आपल्याकडची भाषेची तोंडी परीक्षा शाळेतच, ओळखीच्या बाईंसमोर होते. नीट ऐकू आलं नाही तर "बाई, परत सांगा ना" म्हणायला कोणी घाबरत नाही. इथे वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि 'आपल्यामुळे इतरांना त्रास नको' हे इथल्या शाळेत पहिलीपासून अंगात भिनवलेलं. माझ्या मते प्लेअर बिघडण्यापेक्षा हा संकोचच मुलांचे जास्त मार्क खातो.

तिने हात वर केला. पर्यवेक्षक पाय न वाजवता आले, काहीतरी लिहून घेतलं, आणि तिला थांबवलं. बाकीची मुलं निघून गेल्यावर ती आणि आणखी थोडीजण मागे राहिली. नवा प्लेअर, पुन्हा तीच तपासणी, मग राहिलेले प्रश्न. लिसनिंग मुळातच संध्याकाळी पाचनंतर असतं, त्यामुळे बाहेर पडेपर्यंत किर्र अंधार. मी स्टेशनवर उभी, फोन बंद, आणि मनात नको नको ते. ही आली ती आधी "भूक लागलीय" म्हणाली. प्रश्न बरे गेले होते.

इथे मुलं वाढवणाऱ्या आपल्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट. मुलाच्या कानात इयरफोन नीट बसत नसेल, तर आधी अर्ज करून हेडफोन मागता येतो. ते माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतं. ते पान मुलांवर सोडू नका, स्वतः वाचा.