मार्जरीच्या मागोमाग वॉल्सिंगहॅमला

किंग्ज लिनहून वॉल्सिंगहॅमला, मरियेच्या जुन्या तीर्थस्थानाला, पायी जायचं म्हणजे नॉर्फकची शेतं तुडवत, एका गावच्या चर्चवरून दुसऱ्या गावच्या चर्चकडे सरकत राहायचं. इंग्लंडचा हा भाग सपाट म्हणून प्रसिद्ध आहे. पाठीवर ओझं असलं की तो काही तेवढा सपाट वाटत नाही. दोन्ही बाजूंना झुडपांची उंच कुंपणं, पलीकडे बार्ली आणि बीट, आणि डोक्यावर चंडोल.

मी या वाटेला लागले ती मार्जरी केम्प या मध्ययुगातल्या ख्रिस्ती भक्तिणीमुळे. ही लिनचीच. जन्म १३७३ च्या सुमाराचा, वडील पाच वेळा नगरीचे महापौर. विशीत लग्न, मग चौदा बाळंतपणं. पहिल्याच बाळंतपणानंतर ती भ्रमिष्ट झाली होती; तेव्हा जांभळं रेशीम ल्यालेला ख्रिस्त खाटेच्या कडेला येऊन बसला आणि आपण सावरलो, असं ती सांगते. पण म्हणून लगेच संसार सोडला असं नाही. तिनं बिअर गाळायचा धंदा काढला, तीन-चार वर्षांत तो बुडाला. मग घोड्यांची चक्की टाकली, तर घोडे ओढेनात. १४१३ च्या जूनमध्ये यॉर्कहून परतताना भर रस्त्यात तिनं नवऱ्याशी सौदा केला: तुझं कर्ज मी फेडते, शुक्रवारचा उपास सोडून तुझ्याबरोबर जेवते, तू माझ्या अंथरुणात येऊ नकोस. तिच्या हातात बिअरची बाटली होती आणि त्याच्या अंगरख्यात केक. संतचरित्रांत असले तपशील कुणी ठेवत नाही, म्हणून मला ही बाई आवडते.

वाचायला आवडते, असं म्हणते. बरोबर चालायला आवडली असती का, याची शंकाच आहे. आमच्या छोट्या जथ्यात एक बाई होत्या. जपमाळ मोठ्यानं म्हणायच्या, आणि दोन गूढांच्या (जपमाळेतल्या टप्प्यांच्या) मधल्या वेळात ज्याला त्याला विचारायच्या, 'तुम्ही रोज प्रार्थना करता ना?' माझ्या बुटाची नाडी त्या वाटेवर वारंवार सुटली, एवढंच सांगते.

मार्जरीच्या सोबत्यांनी याहून पुष्कळ केलं. ती देवाचं नाव निघालं की हुंदके देऊन रडायची. जेरुसलेमच्या वाटेवर लोकांनी तिचा झगा गुडघ्याच्या जरा खालपर्यंत कापला, वर गोणपाटासारखं पांढरं कापड चढवलं, म्हणजे बघणाऱ्यांना ती वेडी वाटावी. पंगतीत शेवटी बसवलं. जेवताना शुभवर्तमानाचा विषय काढायचा नाही, हसून-खेळून बसायचं, अशी अट घातली. तिनं ती मान्य केली आणि मोडली. पुढे १४१७ मध्ये पाखंडाचा आळ घेऊन तिला लेस्टरला पकडलं, यॉर्कच्या आर्चबिशपपुढे उभं केलं. ती सुटली. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते तिनंच सांगून ठेवलं म्हणून. लोकांना आपण किती नकोशा होतो हे इतकं बारकाईनं नोंदवणारी दुसरी भक्तीण मला माहीत नाही.

तिला लिहिता येत नव्हतं. आपल्या जनाबाईला लिहून घ्यायला प्रत्यक्ष विठ्ठल बसला म्हणतात. मार्जरीच्या वाट्याला आला तो जर्मनीत राहून आलेला एक इंग्रज. त्याचं अक्षर ना धड इंग्रजी ना धड जर्मन. तो वारल्यावर कागद एका पाद्रीकडे गेले. गावात तिच्याविषयी इतकं वाईट बोललं जायचं की त्यानं चार वर्षं टाळाटाळ केली. मग बसला तर डोळ्यांना दिसेना, चष्मा लावला तर आणखीच दिसेना. शेवटी १४३६ मध्ये काम मार्गी लागलं. इंग्रजीतलं पहिलं आत्मचरित्र म्हणतात ते हेच. त्यात ती स्वतःला 'मी' म्हणत नाही, 'हा जीव' म्हणते.

वॉल्सिंगहॅमच्या एक मैल अलीकडे स्लिपर चॅपल लागतं, चौदाव्या शतकातलं. यात्रेकरू इथं जोडे काढून पुढे अनवाणी जात. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या राज्यात वॉल्सिंगहॅमची मरियेची मूर्ती लंडनला नेऊन जाळली, आणि या चॅपलचं पुढे गोठा-कोठार झालं. १९३४ मध्ये ते कॅथलिकांचं राष्ट्रीय तीर्थस्थान ठरलं. त्याच वर्षी एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या कपाटात, पिंगपाँगचं सामान शोधताना सापडलेली पोथी मार्जरीची आहे हे ओळखलं गेलं. तोवर तिची म्हणून जगाला ठाऊक होती ती १५०१ मध्ये छापलेली काही पानं, रडणंबिडणं गाळून सोवळी केलेली.

मीही बूट काढले. डांबर उन्हानं तापलेलं, कडेला बारीक खडी. खडी टोचते ती टाचेला नाही, बोटांच्या मागच्या मऊ भागाला. मधोमध चालावं तर गाडी येते, मग पुन्हा खडीत. गाणं आधी नीट चाललं होतं, नंतर प्रत्येक कडव्यात कुणाचं तरी 'आई गं'च्या जातीचं इंग्रजी ऐकू येऊ लागलं. जपमाळवाल्या बाई सगळ्यांत पुढे होत्या.

मार्जरी इथं आली ती १४३३ मध्ये, साठीची विधवा. जर्मन सुनेला इप्सविचच्या बंदरापर्यंत सोडायला निघाली होती, तेवढीच परवानगी पापनिवेदन ऐकणाऱ्या पाद्रीनं दिली होती. वॉल्सिंगहॅम झालं, नॉर्विच झालं, इप्सविच आलं, आणि ही बया सुनेबरोबर डान्झिगच्या (आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या) जहाजात चढली. सगळ्यांत जास्त विरोध, ती लिहवते, सुनेचाच होता.